हवेलीच्या मागची इमारत



एखादा जुना वाडा बघायला गेले की वाटाड्या काय दाखवतो? दिवाणखाना दाखवतो, नक्षीचे खांब दाखवतो, मालकाची तसबीर दाखवतो. हा वाडा कोणी बांधून घेतला ते तो घडाघडा सांगतो. पण याच्या विटा कोणी वाहिल्या, इथे पाणी कोणी भरले, धुणी कोणी धुतली, ती माणसे झोपत कुठे होती, असे विचारा. बहुतेक वेळा वाटाड्या गप्प बसतो.

आज या सदरात अशा एका हवेलीची हकीकत सांगायची आहे, की जिच्या बाबतीत हा प्रश्न उशिरा का होईना विचारला गेला आणि त्याचे उत्तरही मिळाले. ही हवेली अमेरिकेत आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यात बॉस्टन शहराजवळ मेडफर्ड म्हणून गाव आहे, तिथे ती उभी आहे. अमेरिका ही इंग्रजांची वसाहत होती, त्या काळातली ही इमारत. रॉयल नावाच्या घराण्याची म्हणून तिला रॉयल हवेली म्हणत. आज तिचे संग्रहालय झाले आहे.

लाकूड, पण दगडासारखे

आधी इमारत कशी आहे ते पाहू. मूळचे घर सतराव्या शतकाच्या शेवटी बांधलेले, विटांचे, एका खोलीच्या रुंदीचे. १७३२ साली आयझॅक रॉयल नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्याने हे घर आणि भोवतालची सुमारे पाचशे एकर जमीन विकत घेतली. पुढची पाच वर्षे घराचे काम चालले. त्याने मजला चढवून घर तीन मजली केले. त्याच्यानंतर त्याच्या मुलाने मागच्या अंगाला भर घालून घर जवळजवळ दुप्पट रुंद केले. मुलाचे नावही आयझॅकच. म्हणून आपण थोरला आयझॅक आणि धाकटा आयझॅक असे म्हणू.

या बांधणीला जॉर्जियन शैली म्हणतात. त्या काळात इंग्लंडच्या गादीवर एकामागून एक जॉर्ज नावाचे राजे बसले, त्यावरून हे नाव पडले. दार बरोबर मध्यभागी, डाव्या हाताला जेवढ्या खिडक्या तेवढ्याच उजव्या हाताला, सगळे तराजूत तोलल्यासारखे. वरच्या मजल्याच्या खिडक्या खालच्यापेक्षा लहान, म्हणजे खालून पाहणाऱ्याला इमारत आहे त्याहून उंच वाटावी. आत कोरीव कमान, जिन्याला पिळाचे नक्षीदार कठडे, भिंतींना लाकडी तावदानांचे काम.

यातली गंमतीची गोष्ट वेगळीच आहे. बागेकडची भिंत लांबून पाहिली तर मोठमोठ्या घडीव दगडांची वाटते. जवळ जाऊन हात लावला की कळते, हे लाकूड आहे. फळ्या अशा कापल्या आणि बसवल्या आहेत की दगडी चिऱ्यांचा भास व्हावा. इंग्लंडमधल्या सरदारांचे वाडे दगडी असत. त्यांच्या पंगतीला बसायचे, तर आपलेही घर तसे दिसले पाहिजे! बागेत एका उंचवट्यावर छोटा मंडप होता आणि त्याच्या माथ्यावर मर्क्युरीचा लाकडी पुतळा. मर्क्युरी हा जुन्या रोमन लोकांचा व्यापाराचा देव. रॉयलांनी आपला देव बरोबर निवडला होता, असेच म्हणावे लागेल.

पैसा आला कुठून?

थोरल्या आयझॅकचा बाप सुतारकाम करणारा होता. मग एका पिढीत एवढे वैभव आले कुठून? ते आले अँटिगा बेटातून.

अँटिगा हे नाव आपल्या घरातल्या पोरांनाही माहीत आहे. वेस्ट इंडीजचा विव्ह रिचर्ड्स तिथलाच. आज क्रिकेटसाठी ओळखले जाणारे हे बेट त्या काळी उसाचे बेट होते. मळे गोऱ्या मालकांचे आणि ऊस तोडणारे, चरकात घालणारे, रस आटवणारे सगळे आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम. ऊसतोडीचे काम काय असते हे आपल्या लोकांना पुस्तकातून शिकायला नको. त्यात मजुरी शून्य, सुट्टीचा हक्क नाही, आणि पोटचे मूलही मालकाचे, ही कल्पना करा.

थोरला आयझॅक तरुणपणी, सुमारे १७०० साली, अँटिगाला गेला. त्याने उसाचा मळा केला, रमचा व्यापार केला आणि माणसांचाही व्यापार केला. हा धंदा कसा चाले ते समजून घ्या. उसाची काकवी बेटांवरून जहाजाने बॉस्टनकडच्या किनाऱ्याला येई. तिथे भट्ट्यांत तिची रम नावाची दारू होई. ती दारू आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नेऊन तिच्या बदल्यात माणसे घेतली जात. ती माणसे पुन्हा उसाच्या बेटांवर विकली जात. काकवी, दारू, माणूस आणि परत काकवी, असे हे चक्र. या चक्राच्या प्रत्येक फेरीत मालकाच्या पदरात नफा पडे.

पण माणूस माणूसच असतो. १७३६ साली अँटिगातल्या गुलामांनी उठावाचा बेत केला. राजाच्या राज्याभिषेकाच्या वाढदिवसाला गोऱ्यांचा मोठा नाचसमारंभ होणार होता. तिथे दारूगोळ्याने स्फोट करायचा आणि बेट ताब्यात घ्यायचे, असा तो बेत होता. तो फुटला. ८८ जणांना देहान्त शासन झाले. त्यांतल्या ७७ जणांना जिवंत जाळले. शिक्षा झालेल्यांत रॉयलच्या मळ्यावरचा गुलामही होता.

पुढच्याच वर्षी, १७३७ मध्ये, रॉयल कुटुंब मेडफर्डच्या तयार हवेलीत राहायला आले. येताना त्यांनी सामानाबरोबर २७ गुलाम आणले.

मालकाचा अर्ज

मॅसॅच्युसेट्समध्ये बाहेरून आणलेल्या प्रत्येक गुलामावर तेव्हा चार पौंड जकात होती. जशी गुरांवर, मालावर असते तशीच. थोरल्या आयझॅकने तिथल्या विधिमंडळाकडे अर्ज केला. हे गुलाम मी विकायला नव्हे, तर माझ्या घरच्या वापरासाठी आणले आहेत, तेव्हा मला जकात माफ व्हावी, असे त्याचे म्हणणे होते. एवढ्या मोठ्या हवेलीचा मालक, पण डोईमागे चार पौंड वाचवायला तो सरकारच्या दारात गेला.

हा अर्ज लक्षात ठेवा. याच घराण्याच्या मालमत्तेवर सेहेचाळीस वर्षांनी दुसरा एक अर्ज झाला. त्याकडे आपण येणारच आहोत.

अमेरिकेतली गुलामगिरी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर दक्षिणेकडचे कापसाचे मळे येतात. उत्तरेकडचे लोक म्हणजे गुलामांना सोडवणारे, असा सर्वसाधारण समज आहे. पण गुलाम बाळगणे कायदेशीर ठरवणारी अमेरिकेतली पहिली इंग्रज वसाहत मॅसॅच्युसेट्स हीच होती आणि तो कायदा १६४१ सालचा. रॉयल हवेली म्हणजे त्या विसरलेल्या इतिहासाचा विटा-लाकडातला पुरावाच.

मागची इमारत

हवेलीपासून थोड्याच पावलांवर दुसरी एक इमारत आहे. ती लांबट, साधी, अर्धी विटांची आणि अर्धी फळ्यांची आहे. तिच्यात स्वयंपाकाची भलीमोठी चूल आहे. उन्हाळ्यात हवेलीत उष्मा होऊ नये म्हणून मालकांचा स्वयंपाक इथे होई. आणि इथेच गुलाम राहत. तिच्या बाहेरच्या भिंतीवर दगडाचा भास करून देणारी कलाकुसर नाही. तिथे पाहुण्यांना न्यायचे नव्हते ना!

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत गुलामांच्या राहण्याची अशी स्वतंत्र इमारत आज एवढी एकच उभी आहे.

रॉयल घराण्याने पाळलेल्या साठांहून अधिक गुलामांचा आता कागदपत्रांवरून पत्ता लागला आहे. मृत्युपत्रे, मालमत्तेच्या याद्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी, यांतून ही नावे निघाली. खुर्च्या-टेबले आणि चांदीची भांडी यांच्याच रांगेत माणसांची नावे आणि पुढे किमती. हीच माणसे शेत पाहत, जनावरे सांभाळत, रांधत, वाढत, कपडे धूत, मालकाची मुले खेळवत. बॉस्टनकडचा हिवाळा म्हणजे गुडघाभर बर्फ. उष्ण बेटावरून आणलेल्या माणसांना पहाटे उठून आधी मालकाच्या खोल्यांतल्या शेकोट्या पेटवाव्या लागत.

१९९९ ते २००१ या काळात बॉस्टन विद्यापीठाच्या पुरातत्त्व अभ्यासकांनी हवेलीच्या आवारात उत्खनन केले. हजारो वस्तू मातीतून निघाल्या. त्यांत चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे होते, चिलमीचे तुकडे होते, गोट्या होत्या. फुटक्या भांड्यांची खापरे घासून गोल केलेल्या सोंगट्याही सापडल्या. दिवसभराच्या कामानंतर कोणीतरी मागच्या आवारात बसून खापराची सोंगटी घासत होते. मालकाच्या यादीत या माणसाची फक्त किंमत लिहिली होती. तो खेळतही असे, हे मातीने सांगितले.

हेगारची किंमत, मीराची किंमत

थोरला आयझॅक १७३९ मध्ये वारला आणि सगळे धाकट्याकडे आले. त्याने थाटात दिवस काढले. मग १७७५ मध्ये अमेरिकन वसाहतींचे इंग्रज राजाशी युद्ध पेटले. लढाईला तोंड फुटायच्या तीन दिवस आधी धाकटा आयझॅक घर सोडून निघून गेला. हवेलीत बंडखोर सैन्याचा सेनानी जॉन स्टार्क याने मुक्काम ठोकला. पुढे सरकारने मालमत्ता जप्त केली.

परागंदा झालेल्या या मालकाने मेडफर्डच्या मित्राला लिहिलेले एक पत्र उपलब्ध आहे. त्यात तो गुलाम विकून टाकायला सांगतो. स्टीफन आणि जॉर्ज प्रत्येकी साठ पौंडांना घेतले होते. पन्नास आले तर बरे, नाहीतर पंधरा आले तरी चालतील. हेगार पस्तीस पौंडांची, तीसला द्यावी. मीराही पस्तीसची, ती पंचवीसला द्यावी. आठवडी बाजारात गुरांचा दलाल बोलतो तीच ही भाषा. आणि ज्या युद्धातून तो पळाला, ते युद्ध 'स्वातंत्र्याचे युद्ध' म्हणून जगाच्या इतिहासात नोंदले गेले!

बेलिंडाचा अर्ज

आता दुसरा अर्ज.

याच हवेलीत बेलिंडा नावाची एक स्त्री राबत होती. तिचा जन्म आफ्रिकेतला, आज ज्या देशाला घाना म्हणतात तिथल्या व्होल्टा नदीच्या काठचा. वयाची बारा वर्षे पुरी व्हायच्या आत तिला पकडले, आईबापांपासून तोडले आणि जहाजात घातले. त्या जहाजात साखळदंडांत बांधलेली तीनशे माणसे होती. पुढे ती रॉयलांच्या घरी आली आणि तिथे तिची पन्नास वर्षे गेली.

१७८० मध्ये मॅसॅच्युसेट्सची राज्यघटना झाली. सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र व समान आहेत, असे तिने जाहीर केले. त्या वाक्याच्या आधारे काही गुलामांनी न्यायालयात जाऊन स्वतःची सुटका करून घेतली आणि १७८३ पर्यंत त्या राज्यात गुलामगिरीचा कायदेशीर पाया ढासळला. धाकटा आयझॅक १७८१ मध्ये इंग्लंडात वारला. बेलिंडा सुटली होती. पण सुटून करायचे काय? वय सत्तरीचे, अंग थकलेले आणि पदरात आजारी मुलगी, प्राइन.

१४ फेब्रुवारी १७८३ रोजी बेलिंडाने मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे अर्ज केला. तिला लिहिता येत नव्हते. अर्ज दुसऱ्याने लिहून दिला. त्याखाली आपली निरक्षर माणसे अंगठा उठवतात, तशी तिने फुलीची निशाणी केली. तिने दया मागितली नाही, हिशेब मागितला. तिच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की मी पन्नास वर्षे एका माणसाच्या घरी राबले, त्याच्या संपत्तीतला काही भाग माझ्या कष्टाने उभा राहिला आहे, आणि त्यातला एक घासही मला मिळालेला नाही. तेव्हा त्याच मालमत्तेतून मला आणि माझ्या मुलीला आयुष्यभर पोटापुरते द्यावे.

विधिमंडळाने अर्ज मंजूर केला. रॉयलच्या मालमत्तेतून वर्षाला १५ पौंड १२ शिलिंग. तेव्हा वीस शिलिंगांचा एक पौंड होई. हिशेब केला तर आठवड्याला बरोबर सहा शिलिंग पडतात. हेगारची जी पस्तीस पौंड किंमत मोजली होती, तिच्या निम्मीही ही वर्षाची रक्कम नाही. तरीपण मोठी गोष्ट घडली होती. गुलाम म्हणून राबलेल्या एका बाईला तिच्या कष्टाचे पैसे मालकाच्या इस्टेटीतून द्या, असा हुकूम सरकारने काढला होता.

पण हुकूम निघणे वेगळे आणि पैसे हातात पडणे वेगळे. बंद पडलेल्या गिरणीची थकबाकी, फंड, ग्रॅच्युइटी यांसाठी टाचा झिजवलेल्या घरांना हे समजावून सांगायला नको. पहिल्या वर्षानंतर बेलिंडाचे पैसे थांबले. तिने पुन्हा अर्ज केला. एखाद्या वर्षाचे मिळाले, पुन्हा थकले. ती परत विधिमंडळाच्या दारात गेली. १७८३ पासून १७९३ पर्यंत, म्हणजे दहा वर्षे, ती अर्ज करीतच राहिली. नंतरच्या अर्जांत ती आपले नाव बेलिंडा सटन असे सांगते. मालकाचे आडनाव तिने लावले नाही. तिचे नवऱ्याकडून आलेले सटन हे आडनाव या अर्जांतूनच पुढे इतिहासकारांना कळले.

विद्यापीठाची ढाल

रॉयलांच्या पैशाची गोष्ट इथे संपत नाही. धाकट्या आयझॅकने मृत्युपत्रात आपली काही जमीन हार्वर्ड या प्रसिद्ध शिक्षणसंस्थेला दिली. त्या पैशातून १८१५ मध्ये तिथे कायद्याच्या प्राध्यापकाची पहिली जागा निर्माण झाली आणि १८१७ मध्ये हार्वर्डचे कायद्याचे महाविद्यालय सुरू झाले. जगातले नामांकित वकील, न्यायाधीश, राष्ट्राध्यक्ष तिथून शिकून बाहेर पडले. विसाव्या शतकात त्या महाविद्यालयाने आपले बोधचिन्ह म्हणून रॉयल घराण्याची ढाल घेतली. तिच्यावर गव्हाच्या तीन पेंढ्या होत्या. पेंढ्या कापणाऱ्यांचा कुठे उल्लेख नव्हता.

२०१५ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी या ढालीविरुद्ध आंदोलन केले. गुलामांच्या मालकाचे चिन्ह आम्ही कायदा शिकताना छातीवर का मिरवावे, हा त्यांचा सवाल होता. मार्च २०१६ मध्ये ढाल काढून टाकण्यात आली. २०१७ मध्ये महाविद्यालयाच्या आवारात, ज्या गुलामांच्या श्रमातून आलेल्या संपत्तीमुळे ही संस्था उभी राहिली त्यांच्या स्मरणार्थ शिळा बसवली गेली. २०१९ मध्ये अँटिगाच्या पंतप्रधानांनी हार्वर्डला पत्र पाठवून भरपाई मागितली. २०२२ मध्ये हार्वर्डने गुलामगिरीशी असलेले आपले संबंध अहवालात मांडले आणि त्याबाबतच्या कामासाठी दहा कोटी डॉलर ठेवले. कायद्याच्या महाविद्यालयाने त्याच वर्षी एक व्याख्यानमालाही जाहीर केली. तिला नाव दिले बेलिंडा सटनचे. जिने फुलीची निशाणी केली होती, तिच्या नावाने आता कायद्याचे पंडित व्याख्याने देतात.

हवेलीचेही तसेच झाले. १९०८ मध्ये काही स्थानिक मंडळींनी ती विकत घेऊन मोडण्यापासून वाचवली. हे चांगलेच केले. पण पुढची जवळजवळ शंभर वर्षे तिथे रॉयलांचे वैभव आणि स्वातंत्र्ययुद्धाचे किस्सेच सांगितले जात. या शतकाच्या सुरुवातीला उत्खनन झाल्यानंतर संस्थेने धोरण बदलले. आता संग्रहालयाचे नावच 'रॉयल हवेली आणि गुलामांची वस्ती' असे आहे. पुढची आणि मागची अशा दोन्ही इमारती मिळून एकच इतिहास सांगतात.

अमेरिकेत गुलामगिरी देशभर कायद्याने बंद झाली ती १८६५ मध्ये. त्यानंतर आठच वर्षांनी, १८७३ मध्ये, महात्मा जोतीराव फुल्यांनी आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केला, ज्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त करण्याचे काम केले. पुण्यात बसून त्यांनी सातासमुद्रापलीकडची ही वेदना ओळखली होती. म्हणून बेलिंडाची हकीकत आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही.

वाचकहो, या हकीकतीतून घरी करण्यासारखे एक काम सुचते. हवेलीत साठांहून अधिक माणसे राबली, पण बहुतेकांचे नुसते नाव उरले आहे. बेलिंडाचे गाव, नदी, मुलगी, दुःख आणि बाणा सगळे आपल्याला कळते, कारण तिने अर्ज केला आणि तो कागद जपला गेला. तुमच्या घरातही पत्र्याच्या पेटीत गिरणीचा जुना पास असेल, फंडाची पावती असेल, आजोबांनी अंगठा उठवलेला एखादा अर्ज असेल. दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत घालू नका. आजी-आजोबा आहेत तोवर त्यांना विचारा, कोणत्या वर्षी कुठे काम केले, किती पगार होता, कोणती इमारत, कोणता पूल, कोणता रस्ता त्यांच्या हातचा आहे. मुलांना शाळेच्या वहीत तारखांसकट लिहून काढायला सांगा आणि खाली आजीचे पूर्ण नाव घाला.